बाहेर भाजलेला बांगडा

आमच्या घरात बांगडा भाजत नाहीत. तळतात, तिरफळं घालून त्याचं तिखलं करतात, पण सुका बांगडा निखाऱ्यावर टाकून भाजायचा नाही, अशी सासूबाईंची सक्त ताकीद. मालवणच्या बाजूला हे कुणाला सांगायची सोय नाही. "मगे पेज कित्याबरोबर जेवतास?" शेजारीण तोंडाचा आ करून विचारते. मी लोणचं म्हणते आणि विषय बदलते. खरं कारण सांगायचं तर तिला भूतानला न्यावं लागेल, आणि तिची कुडाळच्या पलीकडे जायची तयारी नाही.

माझा नवरा सर्व्हेअर. वीजप्रकल्पासाठी डोंगर पोखरून बोगदा काढायचं काम तिकडे चाललं होतं, त्यावर तो गेला आणि मागोमाग मी गेले. गावात तेव्हा देशाच्या नावावरून सगळ्यांनी एकच विनोद केला. तो इतक्यांदा ऐकलाय की मी इथे करत नाही. तिकडे जाणारे चार प्रवासी राजधानी बघतात, कड्यावरचा मठ बघतात आणि परततात. आमच्या खोऱ्यात कोणी म्हणजे कोणीच यायचं नाही. नवरा आठवडाभर बोगद्याजवळच्या कॅम्पवर, रविवारी घरी. मी एका शेतकरी बाईच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे.

देश वाईट नव्हता हो. माणसं हसरी, छपरांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या, तांदूळसुद्धा आपल्या उकड्यासारखा तांबडा. पण मला तिथे भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? समुद्राकाठच्या माणसाला समोर काहीतरी मोकळं लागतं. तिथे चारी बाजूंनी डोंगर, आणि दुपार कलली की त्यांची सावली अंगणात यायची. ती आली की घरमालकीण बोलणं कमी करायची. तिला सगळे आमा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. तिचा नवरा याक घेऊन वर कुरणात गेलेला. थंडी पडायच्या आधी खिंड ओलांडून खाली यायचा.

आमानं मला पहिल्याच दिवशी मोडक्यातोडक्या हिंदीत एक गोष्ट बजावली होती. जनावरं वर असेपर्यंत चुलीत काही जळायला नको. दूध उतू जायला नको, केस नको, हाड नको, मांस तर नकोच. त्या वासानं डोंगराचा धनी चिडतो आणि वर असलेल्या माणसावर राग काढतो. मला हसू आलं नाही. आमच्याकडे राखणदार देवाला वर्षाचं द्यायचं राहिलं तर अख्खी वाडी आजारी पडते असं मानतात, मी कुणाला हसणार?

त्या सुमाराला सासूबाई महिनाभर राहायला आल्या. गुडघे दुखत असताना कुडाळहून गाडीत बसल्या त्या लेकाचं तोंड बघायला, आणि बरोबर पिशवीभर सुके बांगडे. वर एक कोळसा ठेवलेला. आमच्याकडे मासे घेऊन दूर जायचं तर कोळसा ठेवतात, वाटेत काही मागे लागू नये म्हणून. "आई, मागे लागलेलं सिलिगुडीलाच दमलं असेल," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवी गुपचूप उचलली.

आमाची आणि त्यांची अशी काही गट्टी जमली की बघत राहावं. सासूबाई मालवणीत बोलायच्या, आमा तिच्या भाषेत, आणि दोघी माना डोलवायच्या. मिरच्यांचे देठ काढता काढता एकमेकींची दुखणी सांगायच्या. मी आमाचा नियम सासूबाईंना नीट समजावला. त्यांना तो ताबडतोब पटला. "देव खंयचोय असो, देव तो देवच. तेका इटाळ कित्याक करूचो?" असं म्हणून त्यांनी बांगड्यांची पिशवी खुंटीला टांगली.

पण मालवणी माणूस बांगडा पिशवीत ठेवून किती दिवस बसेल! एके दुपारी आमा भातकापणीला गेली होती आणि मी कपडे धूत होते. सासूबाईंनी त्यांच्या हिशेबानं अगदी शिस्तीत काम केलं. आमच्या गावात घरातल्या देवाला चालत नाही ते सगळं घराबाहेर करतात. कोंबडी शिजवायची तर परसातली चूल वेगळी, भांडी वेगळी. म्हणून आमाच्या चुलीला धक्का न लावता त्या पिशवी घेऊन मागच्या शेताच्या टोकाला गेल्या, तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या आणि निखाऱ्यावर बांगडे ठेवले. धूर सरळ वर गेला. वास आला तेव्हा मला आधी घरच आठवलं, तोंडाला पाणी सुटलं. आणि मग पाहिलं तर आमा शेतातून धावत येत होती. हातात विळा तसाच.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ओंजळीनं माती घालून निखारे विझवले आणि मला विचारलं, "बाहर क्यों?" मी म्हटलं, तुमच्या चुलीला विटाळ नको म्हणून. चुलीतला देव घरातला आहे, ती म्हणाली. त्याला दूध ओतून समजावता येतं. बाहेरचा धूर मात्र सरळ डोंगराच्या धन्याकडे जातो. आणि तिनं बोट दाखवलं ते खिंडीकडे.

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे देवा, माझी अक्कल खंय गेली?" एवढंच म्हणाल्या आणि अर्धवट भाजलेले बांगडे मातीत पुरले.

तासाभरात खिंड दिसेनाशी झाली. ढग वरून खाली यायला लागले, आणि मग गारा. आपल्याकडे गार पडली की पोरं वेचायला धावतात. तिथे सगळी माणसं दारं लावून आत बसली. पत्र्यावर असा आवाज की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येऊ नये. छपरावरच्या मिरच्यांचा लगदा झाला, उभं भात आडवं झालं. आमा दारात धुपीचा पाला जाळत बसली होती आणि धूर बाहेर जायचं सोडून घरातच फिरत होता.

दुसऱ्या दिवशी खिंडीत बर्फ पडल्याचं कळलं. आमाचा म्हातारा त्याच वाटेवर असायला हवा होता. गावातली चार माणसं शोधायला निघाली आणि अर्ध्यातून परत आली. पाणवठ्यावर बायका माझ्याशी बोलेनात. शिव्या नाहीत, भांडण नाही, मी आले की नुसत्या घागरी उचलायच्या. मला राग आला होता. हवामान म्हणून काही असतं की नाही? पण तो राग बोलून दाखवायची हिंमत नव्हती, कारण मनातून मलाही तसंच वाटत होतं. आमा आमच्यासाठी रोज खारट चहा पाठवत राहिली.

मग सासूबाई उठल्या. आंघोळ केली, केस बांधले, नारळ नव्हता म्हणून मूठभर तांबडे तांदूळ घेतले आणि मला म्हणाल्या, "चल गो, गाऱ्हाणां घालूक व्हया." आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं पुरुष घालतात, मानकरी. बाईनं घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एक जण देवाला मोठ्यानं सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार देतात. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही. तिथे होकार द्यायला मी एकटी.

जिथे बांगडे भाजले होते तिथेच आम्ही खिंडीकडे तोंड करून उभ्या राहिलो. आमा मागे येऊन थांबली.

"बा देवा म्हाराजा! तू ह्या डोंगराचो धनी. तुझा नाव माका ठावक नाय, पण तू आसस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं.

"परमुलखातली माणसां आमी, चुकला माकला पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बाईचो घोव सुखरूप खाली येवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुका घेवचाच आसात तर हेंच्या घरातला नको. आमच्या घरातला माणूस घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हणून गेले. लहानपणापासूनची सवय, समोरचा थांबला की तोंडातून होकार बाहेर पडतोच. शब्द कानातून डोक्यात पोचेपर्यंत सासूबाईंनी तांदूळ उधळून टाकले होते.

म्हातारा दुसऱ्या दिवशी आला. एका कपारीत याकांच्या कुशीत बसून राहिला होता. काही जनावरं गेली, त्याच्या पायाची बोटं काळी पडली, पण आला. आमानं सासूबाईंना मिठी मारली, कपाळाला कपाळ लावलं. सगळा गाव हसायला लागला, बायका माझी घागर भरून देऊ लागल्या. सासूबाई हसत नव्हत्या. त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं. "मी माझ्याचसाठी म्हटलंय गो. पण नाव घेवक इसारलंय. देवाक नाव सांगूचा लागता." मग म्हणाल्या, "झिलाक सांगा नको."

मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आमच्या घरातलं एकच माणूस त्या डोंगराच्या पोटात रोज जात होतं.

मी त्यांच्या लेकाला सांगितलं नाही. काय सांगायचं? तुझ्या आईनं तुला देवाला बोलून ठेवलंय आणि तुझ्या बायकोनं होकार भरलाय?

सासूबाई गावी परतल्या आणि पहिल्यांदा ग्रामदेवतेकडे कौल लावायला गेल्या. दिलेला शब्द मागे घेता येतो का, एवढाच प्रश्न. गुरवानं पाषाणाला फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. एकही पडलं नाही. दुपार झाली, गुरव जेवायला गेला, तरी त्या बसून राहिल्या. त्या दिवसापासून घरात भाजलेला बांगडा बंद.

पुढच्या वर्षी त्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांची सेवा करायला मी भूतान सोडून आले. अंथरुणात पडल्या पडल्या त्या इतक्या खुशीत असायच्या की डॉक्टर चकित झाला. मला कारण माहीत होतं. त्यांना वाटत होतं, घेतलं, आपल्यालाच घेतलं. हाड जुळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

नवरा अजून तिकडेच आहे. एक बोगदा संपला की दुसरा. रविवारी दुपारी फोन करतो. गेल्या महिन्यात असाच फोन आला, मी स्पीकर लावून सासूबाईंच्या बाजूला ठेवला. तो भलताच खूष होता. कुडाळचा एक जण रजेवरून परतताना सुके बांगडे घेऊन आला होता.

"आई, आज किती वर्षांनी बांगडो भाजलंय! वास काय सुटलो म्हणान सांगू!"

सासूबाई सावरून बसल्या. "खंय भाजलंस?"

"भायर गो. आत कसो भाजतलंय, ह्या लोकांका चुलीत चलना नाय ना. वर डोंगरावर, बोगद्याच्या तोंडाकडे."

मी काहीतरी बोलणार होते. पण फोनमध्ये खडखड सुरू झाली. आधी वाटलं लाइन खराब आहे. मग तोच म्हणाला, "अरे बापरे, गारा! थांब, साइटवर बघूक व्हया, मगे करतंय." आणि फोन बंद झाला.

मी पुन्हा लावला, लागेना. पुन्हा लावला. सासूबाई भिंतीला धरून उठल्या, तांब्याभर पाणी पायांवर ओतलं आणि खळ्यात तुळशीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ये गो," म्हणाल्या.

या वेळी त्या काही विसरल्या नाहीत. स्वतःचं नाव सांगितलं, माहेरचं सांगितलं, नवऱ्याचं, घराण्याचं, वाडीचं, गावाचं. पोस्टमनला घर सांगावं तसं सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "तुका घेवचा आसात तर माका घे. दुसऱ्या कोणाक हात लावू नको म्हाराजा!"

आणि थांबल्या.

मी या वेळी शब्द नीट ऐकले होते. माझं तोंड उघडेना. या बाईनं मला सून म्हणून कधी वेगळं ताट वाढलं नव्हतं. माझ्या आजारपणात माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. हातातला फोन गप्प होता.

"म्हण गो," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं.

"जोरान म्हण. लांब जावक व्हया."

मी मोठ्यानं म्हटलं. इतक्या मोठ्यानं की शेजारीण कुंपणाशी आली.

संध्याकाळी दिवा लावायच्या सुमाराला फोन आला. बोगद्याच्या तोंडावर दरड आली होती. तो आत जायला निघाला होता, पण रेनकोट घ्यायला मागे फिरला. यंत्र गाडलं गेलं, माणसं सगळी सुखरूप. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हात जोडले, डोळे पुसले, आणि मला म्हणाल्या, "मगे आता बांगडो भाज. हयच, आपल्या चुलीर."

मी शेजारणीकडून दोन सुके बांगडे मागून आणले आणि भाजले. त्यांनी पेजेबरोबर दोन्ही खाल्ले, काटे चोखून चोखून, आणि ताटाला नमस्कार केला. मग माझ्याकडे बघून हसल्या.

"तू कित्याक रडतंस गो? भाजलंस बरो."