एकरी किती टाकू?

आमचे सासरे, आबा, रस्त्यात कुणी भेटलं की रामराम करायचे आणि लगेच विचारायचे, "मसूर एकरी किती टाकू?" दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला हे सुरू व्हायचं. शेजाऱ्यांना विचारत, घरी आलेल्या सोयऱ्यांना विचारत. एकदा चाळीसगावच्या बसमध्ये कंडक्टरलाही विचारलं. तो म्हणाला, "आबा, तिकीट किती ते सांगतो, बाकी मला कळत नाही."

आमच्या नदीकाठच्या काळ्या तुकड्यात मसूर नुसत्या ओलीवर यायची. पाणी द्यायची सोय नव्हती, म्हणून ओल आहे तोवर पेरायला हवं. दुकानदार म्हणायचा, पंधरा किलो टाका. घरी आले की चुलतभाऊ म्हणायचे, दाणा बारीक आहे, बारा पुरे. मग आबा असोद्याला व्याह्यांकडे जायचे. परत येईपर्यंत ओल खाली उतरलेली असे, आणि उशिराच्या पेरणीला बी वाढवावं लागतं. मग आबा पुन्हा निघायचे, किती वाढवू ते विचारायला.

सासूबाई चुलीपुढून लग्नाच्या वेळचं काढून म्हणायच्या, "माले देखाले उनात तव्हय इतलं इचारं नही!"

आबा हसायचे. "तठे चुकनं ते चुकनं. आठे वरीसभरनी डाळ शे."

ह्या विचारत फिरण्याला कारण होतं, ते मला सासूबाईंनी सांगितलं. तरुणपणी आबांनी एकदा स्वतःच्या मनाने दाट पेरलं. मसूर माजली, आडवी पडली, पाला झाला आणि शेंगा धरल्याच नाहीत. खळ्यावर सगळ्यांदेखत थोरले भाऊ म्हणाले, "तुना हातले हिसाब नही." तेव्हापासून आबांनी स्वतःच्या मनाने कधी पेरलं नाही.

पेरणीला तिफणीमागे चालत चाड्यात बी सोडायचं काम माझं होतं. मूठ किती सैल सोडली त्यावर दाट की विरळ ते ठरायचं. पण मी सासऱ्यांपुढे बोलत नसे. एके वर्षी बैल जुंपलेले होते आणि आबा बांधावर तसेच उभे. मला म्हणाले, "पोरी, तुना हात काय सांगस?" मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. डोक्यावरचा पदर आणखी ओढून घेतला. तेच म्हणाले, "राहू दे. तुलेबी माहीत नही, मालेबी माहीत नही." आणि हसले.

मग त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. धुळ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. रानात ओल उतरत होती. पण आमचे हे पेरायला तयार होईनात. खाटेपाशी बसून विचारायचे, "आबा, एकरी किती टाकू?" आबा आढ्याकडे बघत राहायचे. डोळ्यांच्या कडेने पाणी यायचं.

सासूबाई म्हणाल्या, "कसाले छळस रे त्यास्ले?"

"मंग मी कोणले इचारू?" हे म्हणाले.

शेवटी मी सुपात बी घेऊन खाटेजवळ गेले. आबांनी डावा हात सुपात घातला. मूठ भरली, वर उचलली आणि बोटांतून दाणे हळूहळू पडू लागले. ह्यांनी मला विचारलं, "बघितलंस ना? तसंच सोड." आबा हाताने प्रमाण सांगत होते, का हातातला जोरच संपला होता, ते मला समजलं नाही. आबांचे डोळे माझ्याकडे होते. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासारखीच मूठ सोडत मी तिफणीमागे चालले. आठवड्याच्या आत आबा गेले.

दिवसकार्य उरकल्यावर आम्ही रानात गेलो. मसूर बोटभर वर आली होती. हे बांधावरच थांबले आणि म्हणाले, "दाट झाली का गं?"

मी ओळींमध्ये बसून बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मला सांगता आलं नाही.