मागून हाक

एफी टार्विट भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. तरी रोज संध्याकाळी एडिनबराहून येणारी गाडी इन्व्हरडूरला लागली, की ती हातातला चहा खाली ठेवून कान देई. कचेऱ्यांतून सुटलेली माणसं फोनवर बोलत बंदराकडची चढण चढत आणि आपापल्या घरी पांगत. मग मागून एकट्याच बुटांचा आवाज येई, डाव्या पायावर जरा जोर देत. फाटकापाशी तो थांबे. खिसे चाचपल्यासारखं काहीतरी वाजे आणि बूट पुन्हा उताराला लागत. तिचा नवरा डॉड अस्साच चालायचा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

दोघंही कोळ्यांच्या घरातली. डॉडनं मात्र होडी सोडून आगगाडी धरली आणि विमा कचेरीत जन्म काढला. "निघाला आमचा दर्यावर्दी, छत्री घेऊन!" असं शेजारची नॅन गोर्ली त्याला रोज चिडवायची. एफीनं मात्र माहेरचे नेम सोडले नाहीत. तिच्या घरात अपशकुन म्हणून डुकराचं नाव निघत नसे, आणि बाहेर पडलेल्या पुरुषाला मागून हाक मारत नसत. हाक मारलेला माणूस परत येत नाही म्हणे. वादळात होड्या हाकणाऱ्यांचा हा नेम या बाईनं पासवाल्या कारकुनालाही लावला!

डॉड गेला त्या सकाळी त्याच्या छातीदुखीच्या गोळ्यांची डबी टेबलावर राहिली. एफी ती घेऊन दारात धावली, तर तो पाठमोरा उतरत होता, अगदी हाकेच्या अंतरावर. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. आठवण होऊन येईल परत, असं तिनं मनाशी म्हटलं. गाडी खाडीच्या पुलावर असताना त्याला कळ आली. पलीकडे पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

हे आणि त्या पावलांचं तिनं फक्त नॅनला सांगितलं होतं.

"हाक मारली नाहीस ते बरंच केलंस," नॅन म्हणाली. "मारली असतीस तर तुझ्यामुळे गेला असता."

"मग आता कुणामुळे गेला गं?"

नॅननं चहात बिस्कीट बुडवलं. ते विरघळून तळाशी गेलं, तरी ती कपातच बघत राहिली.

"पावलं येतात ना? येऊ देत," ती अखेर म्हणाली. "पण मागून हाक तेवढी मारू नकोस बाई. आहे तेही जाईल."

एफीनं ऐकलं. ती पावलं म्हणजे तिचा दिवसभरातला एकुलता एक सोबती होता. पण ते खिसे चाचपणं तिला ऐकवेना. मेल्यावरही डबी शोधतोय बिचारा, असं तिच्या मनात येई.

एका संध्याकाळी समुद्रावरून असं धुकं चढलं की फाटकही दिसेना. बूट आले, थांबले, खिसे वाजले, बूट वळले. एफीनं डबी उचलली आणि दार उघडलं. आपण काय घालवणार आहोत ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"डॉड! अरे डॉड, गोळ्या राहिल्या तुझ्या!"

पावलं जागच्या जागी थांबली. बराच वेळ काहीच वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आली, माणसं पांगली आणि चढण रिकामी राहिली. दिवा न लावता बसलेली एफी बघून नॅननं दारातूनच विचारलं, "मारलीस ना हाक?"

"मारली."

"आणि गेला?"

"गेला." एफीला हुंदका आवरेना. "पण नॅन, पहिल्या हाकेला थांबला गं तो. त्या दिवशीही थांबला असता."