सरांनी कापलेलं वाक्य

पत्रकारितेच्या वर्गात गेल्यावर मला शिंगं फुटली होती. कॉलेजच्या पाक्षिकासाठी मी आमच्या नेरे गावातल्या जमीनविक्रीवर लेख लिहिला. आमच्याकडे जमीन विकायची वेळ आली की सासरी गेलेल्या बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. भाऊ साडीचोळी करतो आणि दिवाळीला न्यायला येत राहतो. सही न करणारीचं माहेर संपतं, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण ठाऊक सगळ्यांना असतं.

माझ्या आत्यानंही वडिलांना अशी सही दिली होती. ती ताम्हिणी घाटाकडे दिलेली. एकदा तिच्या घरी गेले असताना भाकरी थापता थापता ती म्हणाली, "माहेर तुटाय नको म्हनून सही केली गं. पन त्या मातीत माझंबी काय तरी व्हतंच की." मी तिथंच बसून ते मोबाइलवर टिपून घेतलं. लेखात नाव घातलं नाही, 'घाटाकडे दिलेली एक बहीण' एवढंच लिहिलं, आणि स्वतःला फार जबाबदार समजले.

अंक तपासणारे सर आयुष्यभर वर्तमानपत्रात उपसंपादक होते. त्यांनी नेमकं तेच वाक्य लाल रेघेनं कापलं. "वाक्य चांगलं आहे," ते म्हणाले, "पण या बाईला उद्या भावाच्या दारात उभं राहायचंय. छापू का म्हणून तिला विचारलंयस?" विचारलं नव्हतं. मनात म्हटलं, म्हातारा घाबरतोय. पानं लावायचं काम तेव्हा माझ्याकडेच होतं. छपाईला देण्याआधी मी ते वाक्य परत घातलं, वर मथळाही त्याचाच केला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

वर्गात कौतुक झालं, लेखाला मार्कही पडले. कुणीतरी पानाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. लेखावर माझं नाव होतं, त्यामुळे ती बहीण कोण हे कुणाला सांगावं लागलं नाही. वडील मला एका शब्दानं बोलले नाहीत. लेकीचं नाव छापून आलं याचं त्यांना उलट अप्रूपच होतं. राग निघाला तो आत्यावर. "येवढं दुखत व्हतं तर सही कशाला केली? गावात इज्जत घालवली माझी." भाऊबिजेला ते तिला आणायला गेले नाहीत. मी रडले, भांडले, चूक माझी आहे म्हणाले, पण त्यांनी ऐकलं नाही.

सरांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. मी तिच्या हातची भाकरी खाऊन आले होते. तरी तिची काळजी त्यांना वाटली, मला नाही. याची मला आजही लाज वाटते. आता कुणी माझा मजकूर कापला की मी आधी विचारते, कुणासाठी कापलंत?

त्या भाऊबिजेनंतर शेवटी मी आत्याला फोन केला. माफीचे शब्द कागदावर लिहून ठेवले होते, पण तीच आधी बोलली.

"तुज्या त्या लेखाला मार्क चांगलं पडलं का गं?"

टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती.

"पडले," मी म्हणाले.

"मग बरं झालं. कुनाला तरी उपेगी पडलं."