नांदूरघाटचे शेलार आणि आमचे सर

विश्वंभरराव घोळवे यांची आणि माझी पहिली भेट पाटोद्याच्या बाजारात, त्यांच्या टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत झाली. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आणि त्याआधीचा संस्कृत पाठशाळेचा विद्यार्थी, म्हणजे दोन्ही बाजूंनी निरुपयोगी. माझ्या बातम्यांची वेबसाइट करून द्यावी, अशी विनंती घेऊन गेलो होतो. त्यांनी माझा मजकूर वाचला आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, पैल्या ओळीत कायबी कळंना. माणूस फोन अंगठ्यानं वर सारतोय. तो अंगठा थांबला पायजे." अनेक वर्षांचे व्याकरण त्या अंगठ्याने पुसले. तेव्हापासून मी त्यांना सर म्हणतो.

टायपिंगची यंत्रे गंजू लागली तेव्हा सरांनी संगणक आणला आणि स्वतःच कोड लिहायला शिकले. पाटोद्यापासून तेलगावापर्यंत कितीतरी दुकानांच्या वेबसाइट त्यांनी उभ्या केल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून पाहायची, मगच दुसरीला हात लावायचा, हा त्यांचा नेम. हाच नेम ते संसारालाही लावतात. वहिनींचे मत वेगळे आहे. तेलगावच्या रुक्मिणबाईंचे पशुखाद्याचे दुकान आहे. त्यांच्या जुन्या जाहिरातीत परदेशी गाई चरत होत्या. "ह्या गाई आपल्या न्हाईत, गिऱ्हाइकाला कळतं," म्हणत सर तेलगावला गेले आणि बाईंच्या म्हशीने मान वर करेपर्यंत सकाळभर कॅमेरा धरून बसले. त्याचा मोबदला त्यांनी घेतला नाही. म्हशीनेही नाही.

पण सरांचा मोठेपणा मला कळला तो त्यांच्या एका चुकीमुळे.

प्रत्येक वेबसाइटसाठी त्यांच्याकडे एक तयार साचा होता. त्यात 'ग्राहकांचे अभिप्राय' अशी चौकट होती. ती रिकामी दिसू नये म्हणून सरांनी कधीतरी एक कल्पित गिऱ्हाईक घातले: गणपत शेलार, नांदूरघाट. "माल चांगला. बोलणं चांगलं. पुन्हा येऊ." मालकाने खरे अभिप्राय दिले की हे काढायचे. मालकांनी दिले नाहीत, सर विसरले आणि शेलार सगळीकडे राहून गेले. त्यांनी पपया घेतल्या, पेंड घेतली, मोटार दुरुस्त करून घेतली. एका प्रसूतिगृहाच्या वेबसाइटवर त्यांचे "पुन्हा येऊ" वाचले, तेव्हा मी सरांकडे गेलो.

मला वाटले, हसतील. सरांचा चेहरा उतरला. "लोकांनी माझ्यावर भरवसा ठेवला अन् मी त्यांच्या दारावर खोटं चिकटवलं," ते म्हणाले. प्रत्येक मालकाला समक्ष भेटून माफी मागायची आणि मगच तो अभिप्राय काढायचा, असे त्यांनी ठरवले. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस भर उन्हात दुचाकीवर निघाला. मागे मी.

पाटोद्यातच फळांचे दुकान असलेले हनीफभाई माफी ऐकून हसले. "शेलार खोटे? सर, क्या बात करते! परवाच येऊन गेलते. उजव्या कानानं कमी ऐकतात बिचारे."

तेलगावला रुक्मिणबाई म्हणाल्या, "लई भला माणूस. पर दारातच उभा ऱ्हातो, आत येतच न्हाई. अन् दादा, जरा वरडून बोलावं लागतं बगा. उजव्या कानाला."

सर माझ्याकडे पाहत राहिले. कान त्यांनी लिहिला नव्हता.

आमच्या पाठशाळेत नसलेल्या वस्तूचे उदाहरण म्हणून आकाशातले फूल आणि सशाचे शिंग सांगत. फुलाचा कान कोणता बहिरा, हे कुणी विचारत नसे. आम्ही नांदूरघाटला गेलो. हॉटेलवाल्याने समोरच्या बोळातले निळ्या दाराचे घर दाखवले. "आत्ताच गेलते पाटोद्याला. तुमी घोळवे सर का? तुमालाच भेटायचं म्हणत व्हते." दाराला कुलूप होते. दोरीवर धोतर वाळत होते. त्यातून अजून पाणी ठिबकत होते.

रविवारी दुपारी सर संगणकासमोर बसले. हात कळफलकावर, पण बोट हलेना.

"शास्त्रीबुवा, माणूस असला तर?"

"मग अभिप्राय खरा ठरतो. राहू द्या."

सर म्हणाले, "न्हाई. मी लिवला तवा खोटाच व्हता. नंतर कोण जन्मलं म्हणून माझं खोटं खरं होत न्हाई." एकेका वेबसाइटवरून त्यांनी ते नाव काढले. शेवटचे काढताना त्यांनी हात जोडलेले मी पाहिले.

पुढच्या आठवड्यात मी हनीफभाईंना सहज विचारले. ते पपई तोलत होते. "कौन शेलार?" रुक्मिणबाई फोनवर म्हणाल्या, "कुणाचा कान, दादा?" नांदूरघाटचा हॉटेलवाला बोळाकडे पाहत म्हणाला, "तिथं कवा घर व्हतं? मोकळीच जागा हाय ती." जागेत गवत उगवले होते, आणि ते आठवड्याभरात उगवलेले नव्हते.

दुकानदार गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही, आमच्या मनाला बरे वाटेल ते बोलले असतील, असे मी स्वतःला सांगतो. त्या धोतराचे मात्र काही सांगता येत नाही.

त्यानंतर सर बरेच दिवस संगणकाकडे फिरकले नाहीत. मग पुन्हा कामाला लागले. आता ते गिऱ्हाइकाला स्वतः भेटतात, त्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवून घेतात, आणि कुणी काही बोलले नाही तर चौकट रिकामी ठेवतात. मालक कुरकुरतात. सर ऐकत नाहीत. इतका सचोटीचा माणूस आपल्या जिल्ह्यात या धंद्यात आहे, हे सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

परवा त्यांनी अचानक विचारले, "शास्त्रीबुवा, तुमाला तरी आठवतो न तो?"

"आठवतो," मी म्हणालो. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

सरांना साठीच्या पुढे भरपूर वर्षे मिळोत, डोळे आणि बोटे शाबूत राहोत, वहिनींच्या हातचे पचत राहो. ही प्रार्थना मी मनापासून करतो आणि तीत माझा स्वार्थही आहे. शेलारांना ओळखणारे आता आम्ही दोघेच उरलो आहोत. सर नसले, तर मला कोण सांगणार की ते दार निळे होते?