मडक्यातल्या माणसाचा पाहुणचार

“दोन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यात मिरचीचं बी?” बॉसने फोनवर विचारलं. “मॅडम, मिरची पोर्तुगीजांनी आणली.”

ते मलाही माहीत होतं. मी जुनी हाडं तपासते. माणूस काय खायचा, कुठे वाढला, त्याला कसं पुरलं, हे शोधते. पेशंट तक्रार करत नाहीत, एवढीच काय ती सोय. तमिळनाडूत ओरत्तनाडूजवळ रामोजीरावांच्या नव्या घराचा पाया खणताना एक भलंमोठं मडकं निघालं. इकडे फार पूर्वी माणसाला असं मडक्यात ठेवून पुरत. आत हाडं होती. तळाची माती मी लॅबला पाठवली आणि तीत ही मिरची निघाली.

रामोजीराव तंजावूरचे मराठी, रिटायर्ड मास्तर. त्यांचा हट्ट निराळाच. हा आपला मूळपुरुष, साताऱ्याकडून घोड्यावर आलेला.

“तुमच्यात दहन करतात ना?”

“लढाईत सवड कोठली, अम्मा?”

पूर्वज ठरला, तर हाडं ते कावेरीत सोडणार होते. म्हणजे माझं सगळं कामच पाण्यात.

मिरचीचा पत्ता त्यांच्याकडे जेवताना लागला. पानातल्या सांबारात तसलंच बी दिसलं. मी त्यांच्या पत्नीला, गंगाबाईंना विचारलं, “मडक्यात काही घातलंत का?”

“वाढलं. सांबारभात. तुम्ही यायच्या आधीं.”

“पितरांना मिरची?”

“श्राद्धास चालत नाहीं, ते मज ठाऊक. पण हा न सांगतां आला. पाहुण्यास उपाशी ठेवूं का?”

मला राग आला आणि हसूही. माती बाद झाली. उरले दात. दाताचं कवच लहानपणी बनतं. तेव्हाच्या पाण्याची नि अन्नाची खूण त्यात कायमची मुरते. तिथपर्यंत गंगाबाईंचं सांबार पोचत नाही.

रिपोर्ट घेऊन मी स्वतः गेले. माणूस इथल्याच पाण्यावर वाढलेला, नाचणी-वरईसारखं धान्य खाणारा. साताऱ्याचा मागमूस नाही.

रावांचा चेहरा उतरला. “म्हणजे आमचा कोणी नव्हे?”

गंगाबाई भात वाढत होत्या. त्या म्हणाल्या, “मग घर त्याचं. पाहुणे आपणच.”

रावांनी भात कालवला. मग म्हणाले, “न्या, अम्मा. पण नीट सांभाळा त्यास.”

तेव्हापासून कुठल्याही साइटवर गेले की मी आधी हाडं बघत नाही. घरच्या बाईंना विचारते, याला जेवायला काय घातलंत?