वांधा नाही, साहेब

नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज त्याच्या गावी, तिकडे विदर्भात लावला आणि मी इकडे बडोद्याला, मांजलपुरात बाबांच्या फ्लॅटवर. मध्ये रेल्वेचे बारा-तेरा तास. आई नाही, बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं, मुलगी पाच वर्षांची, शाळेतली नोकरी नवीन. तारीख आली की बाबांना शेजारच्या बेनच्या हवाली करायचं, शाळेत रजेसाठी तोंड वेंगाडायचं, मुलीला घेऊन गाडीत बसायचं आणि तिथे पोचल्यावर कळायचं की साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या. चौथ्या खेपेला परतीच्या प्रवासात मुलीला सणकून ताप भरला. त्या दिवशी ठरवलं, केस बडोद्याला आणायचीच.

कोर्टं दोन राज्यांतली, म्हणून हा अर्ज थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. हे मला आमच्या वकीलबेननी सांगितलं. त्या गुजराती, बोलायला मऊ, पण कागदाला कडक. ‘तकलीफ लिहा, सगळी लिहा,’ म्हणाल्या. मग मी लिहीत सुटले. बाबांना आंघोळीला आधार लागतो, हेही लिहिलं. बाजव्याच्या रिफायनरीत तीस वर्षं शिफ्टा केलेला माणूस, त्याने तो मसुदा वाचला आणि पालथा घालून माझ्याकडे सरकवला. मला वाईट वाटलं, पण खोडलं नाही.

दोन महिन्यांनी समोरच्यांचं उत्तर आलं. वकीलबेननी त्यातलं एक पान माझ्यापुढे सरकवलं. ‘बेन, आ शुं?’ हे काय, असं विचारलं.

तिकडच्या कोर्टातल्या माझ्या पहिल्याच तारखेची नोंद होती ती. खाली खूण केलेलं एक वाक्य: ‘या न्यायालयात हजर राहण्यास हरकत नाही, असे पत्नीने सांगितले.’

माझं डोकंच फिरलं. मी असं बोललेच नव्हते. कोर्टात इतकं धडधडीत खोटं? नवऱ्याला, त्याच्या वकिलाला, लिहिणाऱ्या कारकुनाला, कुणालाच मी मनातल्या मनात सोडलं नाही. वकीलबेन म्हणाल्या, या एका ओळीवर सगळा अर्ज आडवा होऊ शकतो. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचा वॉचमन सांगायला आला, पाणी आज तासभर उशिरा सुटेल. मी दारातूनच म्हटलं, ‘वांधा नाही, भाई.’

आणि दाराला धरून तशीच उभी राहिले. कारण मी म्हणाले होते. त्या पहिल्या तारखेला साहेबांनी, बिचाऱ्यांनी आपुलकीनेच विचारलं होतं, ‘लांबून येता, पुढच्या वेळी इथे यायला जमेल ना?’ आणि मी हात जोडून म्हटलं होतं, ‘वांधा नाही, साहेब.’

आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना हा शब्द कुणी शिकवत नाही. बाहेर दिवसभर ‘वांधो नहीं’ ऐकून तो आपोआप घरात येतो. कुणी पायावर पाय दिला, वांधा नाही. दुधवाल्याने दांडी मारली, वांधा नाही. त्याचा अर्थ इतकाच की तुम्ही मनाला लावून घेऊ नका, माझं मी बघते. तिकडच्या कारकुनाने त्याची ‘हरकत नाही’ केली. शब्दकोश उघडला तर त्याचं बरोबरच निघेल. मी ज्याला दोन दिवस शिव्या घातल्या, तो माणूस सरळ होता.

बाबांना सांगितलं तर ते भडकले. ‘कोर्टात कशाला म्हणायचं असं? तोंडाला काही लगाम?’

‘तुम्ही काय म्हणाला होतात?’ माझाही तोल गेला. ‘लग्न ठरवताना मुलाकडचे म्हणाले, मुलीला नोकरी सोडावी लागेल. तेव्हा मला विचारलंत? वांधा नाही म्हणालात. मी आत चहा गाळत होते, मला सगळं ऐकू आलं.’

बाबा चाचरत म्हणाले, ‘अगं, तशी पद्धत असते बोलायची.’

‘माहीत आहे,’ मी म्हटलं. ‘मीपण तेच केलं.’

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्या लुळ्या हाताकडे बघून लाजही वाटत होती. त्या दिवशी आम्ही दोघं नीट जेवलो नाही.

वकीलबेननी मला त्या शब्दावर पानभर खुलासा लिहायला लावला. दिल्लीच्या वकिलांचा त्यासाठी फोन आला, ‘मॅडम, ये वांधा क्या होता है?’ आयुष्यभर बोललेला शब्द तिऱ्हाइताला समजावताना मला घाम फुटला. सुनावणी आम्ही वकीलबेनच्या ऑफिसात स्क्रीनवर पाहिली. तीन-चार मिनिटांत आटोपली. न्यायमूर्तींनी ती ओळ वाचली, खुलासा वाचला, मुलीचं वय विचारलं आणि केस बडोद्याला पाठवली. वकीलबेननी माझी पाठ थोपटली. मला रडू आलं, पण ते आनंदाचं होतं असं नाही सांगता येणार. इतके महिने मी झगडले ते माझं लग्न घराजवळ मोडावं म्हणून, हे तेव्हा कुठे नीट कळलं.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं, ‘झालं. आता तारखेला तेच येतील इकडे.’

बाबांनी डोळे मिटून मान हलवली. मुलगी जमिनीवर चित्र रंगवत होती, ती ताडकन उठली.

‘पप्पा येणार? आपल्याकडे?’

‘बडोद्याला येतील,’ मी म्हणाले. खोटं नव्हतं ते, कोर्टाचा हुकूमच होता.

ती धावत जाऊन कपाटातून वाढदिवसाचा फ्रॉक काढून घेऊन आली. अंगाला लावून बघितला. मग विचारलं, ‘आणि राहणार ना?’

अर्जात मी एकूण एक अडचण लिहिली होती. ही सुचलीच नव्हती.

‘संध्याकाळच्या गाडीने जातील,’ मी म्हणाले.