तिच्या जिभेला न लागलेली कॉफी

डॉक्टरांनी गरम बंद सांगितलं तेव्हा माझ्या बायकोनं पहिला प्रश्न विचारला तो कॉफीचा. घशाच्या कॅन्सरसाठी नाशिकला तिचे रेडिएशनचे शेक नुकतेच संपले होते. गळ्याची कातडी काळी पडून सोलवटली होती, आवाज पार बसला होता. बोलवत नव्हतं म्हणून तिनं हातानं कप दाखवला आणि भुवया उडवल्या. डॉक्टर हसले. "गरम नको, तिखट नको, आंबट नको. गार असेल तर दोन घोट घ्या."

आमच्या जव्हारात कॉफी पिणारं माणूस शोधावं लागतं. हिला ती सवय लागली डी.एड.ला असताना, नाशिकच्या वसतिगृहात. खोलीत कर्नाटकातली एक मुलगी होती, तिनं बिनदुधाची काळी कॉफी पाजली आणि हिचा चहा कायमचा सुटला. लग्नानंतर आमच्या गॅसवर रोज सकाळी दोन पातेली चढायची. एकात माझा साखर घातलेला चहा, दुसऱ्यात तिची कॉफी. ती पिऊन ही मोखाड्याची एसटी पकडायची, तिकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवायला. मी इथंच, जव्हारला सरकारी कार्यालयात कारकून.

घरी आल्यावर रजेत तिला करण्यासारखं काही नव्हतं. मोबाइलवर तिला एक व्हिडिओ सापडला. काचेचं तीन मजली यंत्र, वरून बर्फाचं पाणी थेंब थेंब कॉफीच्या पुडीवर पडतंय आणि खाली काळी गार कॉफी साठतेय. तिनं तो मला दोनदा दाखवला. "हे मी करणार," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

मला नवल वाटलं नाही. तिच्या वर्गातला तराजू नारळाच्या करवंट्यांचा होता, घड्याळ पुठ्ठ्याचं. पण सामान सांगताना ती म्हणाली, "मेडिकलमधून सलाइनची नवी नळी आणा," तेव्हा मी दचकलो.

"दुसरं काही चालणार नाही का?"

"तिच्या चाकानं थेंब कमी-जास्त करता येतो." मग म्हणाली, "एवढे दिवस त्या नळीनं मला खाटेला बांधून ठेवलं. आता जरा माझं काम करू दे तिला."

पाण्याच्या बाटलीचा तळ कापून तिनं ती उलटी टांगली. बुचाला भोक पाडून त्यात नळी बसवली आणि भोवती एम-सील लिंपलं. त्याखाली तशीच दुसरी, छोटी बाटली, तिच्या तोंडाला सुती फडक्याची दुहेरी घडी आणि आत कॉफी. सगळ्यात खाली लोणच्याची धुतलेली बरणी. हे सगळं धरायला स्टूल उलटं करून त्याच्या पायांना मी बांबूच्या कामट्या बांधल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत ते उभं राहिलं तेव्हा ती लांब जाऊन डोकं कलतं करून बघत राहिली. वर्गातली भिंत सजवल्यावर बघायची तशी.

पहिल्यांदा थेंब फार घाईत पडले आणि खाली तपकिरी पाणी आलं. पुढच्या वेळी दुकानातली बारीक पूड चिखलासारखी बसली, पाणी वरच तुंबलं आणि ओट्यावर सांडलं. मग तिनं नाशिकहून भाजलेल्या बिया मागवल्या आणि घरीच जाड दळायच्या ठरवल्या. साखरशेतहून तिची आई आमच्याकडं राहायला आली होती. येताना लेकीला मऊ पेज करून घालता यावी म्हणून तिनं आपलं लहान जातं आणलं होतं.

"नागलीचं जातं हाय ते," आई म्हणाली, "त्यात कसलं काळं दळतीस?"

"औषध आहे, आई."

"औषध असं वासाचं?"

पुढं कितीतरी दिवस आमच्या भाकरीला कॉफीचा वास येत होता. आई तोंड वाकडं करून खायची, "जळकी लागते," म्हणायची आणि लेक हसतेय हे बघून स्वतःही हसायची.

जाड पूड टाकल्यावर थेंब एकाच जागी पडून मधोमध खड्डा व्हायला लागला. तिनं फडक्याचा गोल तुकडा कापून पुडीवर ठेवला, तेव्हा पाणी सगळीकडं पसरलं. सकाळी मी कार्यालयात जाताना यंत्र सुरू केलं होतं. परत आलो तर बरणीत स्वच्छ, काळी कॉफी होती आणि ती खुर्ची घेऊन समोर बसलेली होती. माझ्यासाठी थांबली होती. स्टीलच्या पेल्यात ओतून तिनं एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. कसाबसा गिळला आणि पेला माझ्याकडं सरकवला.

"बिघडली का?"

"कळत नाही."

"म्हणजे?"

"कशी झालीय तेच कळत नाही. नुसतं पाणी लागतंय."

इतके दिवस ती दवाखान्यातल्या जेवणाला नावं ठेवत होती, नंतर माझ्या आमटीला. त्या घोटानं तिला कळलं की चव गेलीय ती तिच्या जिभेची. जी चीज तिला डोळे मिटून ओळखता आली असती, तीच ओळखू आली नव्हती. ती रडली नाही. उठून बाटली धुवायला लागली.

डॉक्टर म्हणाले, चव येईल हळूहळू, काहींना महिने लागतात. तिनं कॉफी करणं मात्र सोडलं नाही. "जीभ परत येईल तेव्हा कॉफी बिनचूक जमलेली असायला हवी ना," म्हणाली. चाखायचं काम माझ्याकडं आलं.

"कशी आहे?"

"कडू."

"कडू म्हणजे कशी? कारल्यासारखी, की करपलेल्या गुळासारखी?"

मी जन्मभर गोड चहा प्यालेला माणूस. पण तिला हवं म्हणून घोट तोंडात घोळवून शब्द शोधायला शिकलो. कधी जांभळाच्या सालीसारखी तुरट, कधी भाजलेल्या भुईमुगासारखी. ते ऐकून ती चाक किंचित फिरवायची, दोन थेंबांत आपल्या एका सावकाश श्वासाएवढं अंतर ठेवायची. एकदा मी म्हणालो, "आज वाळलेल्या मोहाच्या फुलांसारखी आहे. शेवटी गोडूस." तिनं पेला नाकाशी नेला. "वास मला येतो हो," ती म्हणाली, "जीभच तेवढी ऐकत नाही."

थंडी सरता सरता एका रविवारी आम्ही कॉफी बाटलीत भरून गावाजवळच्या शिरपामाळला गेलो. पर्यटकांचे फोटो काढणं चाललं होतं. आम्ही बाजूला सावलीत बसलो. तिनं घोट घेतला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"थांबा. बोलू नका."

तिनं आणखी एक घोट घेतला.

"कडू आहे," ती म्हणाली. "अहो, कडू लागतंय!" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढ्या आनंदानं कडू म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. घरी आल्यावर तिनं आईला ते इतक्या वेळा सांगितलं की आवाज पुन्हा बसला.

होळीच्या सुमारास तिच्या मानेवर नवी गाठ आली. नाशिकला डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला बोलावलं. मी परत आलो तेव्हा तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि पिशवी भरायला घेतली. "घरी जाऊ," एवढंच म्हणाली.

मग गिळणं थांबलं. नाकातून नळी घातली. कॉफी तिला आता देता येणार नव्हती, तरी एके दिवशी तिनं खिडकीकडं बोट दाखवलं. मी यंत्र लावलं. कॉफी उतरल्यावर आईनं कापसाचा बोळा त्यात बुडवून, पिळून लेकीच्या ओठांवर फिरवला. तिनं ओठ एकमेकांवर दाबले, डोळे मिटले. आईनं माझ्याकडं न बघता विचारलं, "उद्या पन करशील का?" मी रोज करत राहिलो. पाऊस सुरू व्हायच्या आधी एका सकाळी ती गेली. डोकं आईच्या मांडीवर होतं आणि मी पाय चोळत होतो. पाय गार पडत चालले होते, तरी मी चोळत राहिलो. शेवटी आईनंच माझा हात धरला.

दिवसकार्य झाल्यावर आई साखरशेतला गेली. मी नोकरीवर जायला लागलो. लोक विचारायचे, जेवण्याचं काय करता, आणि मी काहीतरी सांगायचो. एका रविवारी मी तिच्यासारखीच कॉफी लावली. चांगली उतरली. ओट्याशी उभा राहून मी सगळी बरणी संपवली आणि मग खाली फरशीवर बसलो. ती गेल्यापासून मोकळेपणानं रडलो तो तेव्हाच. शेजारी ऐकतील याचंही भान राहिलं नाही.

आवणीच्या दिवसांत आईचा फोन आला. "मानसं मिळत न्हाईत. येतोस का?" मी रजा टाकून गेलो. दिवसभर आम्ही चिखलात वाकून भाताची रोपं लावली. लेकीचं नाव दोघांनीही काढलं नाही. दुपारी बांधावर आईनं त्याच जात्यावर दळलेल्या नागलीची भाकरी माझ्या हातात दिली, वर चटणी ठेवली. मी पहिला घास घेतला तशी ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि अचानक पदर तोंडात कोंबून हुंदके द्यायला लागली. भाकरी खाली ठेवून मी तिच्या पाठीवर हात ठेवला. उरलेलं वावर त्या दिवशी तसंच राहिलं.